कॉम्प्युटर रूमच्या दारावरची पाटी

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून दोन वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज अचानक पत्र! घाबरू नका, घरी सगळे ठीक आहेत. आईचं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे, म्हणजे तीही ठीकच आहे.

आज शाळेत कॉम्प्युटरची दसऱ्याची पूजा झाली. पूजेला आपल्या कर्णिक बाई आल्या होत्या, रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली आणि एकोणीस वर्षं छातीवर बसलेली धोंड उतरली. इतकं हायसं वाटतंय ना बाबा, की घरी जाईपर्यंत धीर धरवला नाही. शाळा सुटलीये, मी कॉम्प्युटर रूममध्येच बसून हे टाइप करतेय. वॉचमनकाका दोनदा डोकावून गेले. जाऊ देत.

तुम्हाला सगळं आठवत असेलच, पण एकदा माझ्या बाजूने ऐका. मध्ये बोलू नका. तशी तुम्हाला सवयच नव्हती म्हणा मध्ये बोलायची!

मिल बंद पडली आणि तुम्ही माझ्याच शाळेत शिपाई म्हणून लागलात, तेव्हा मी सहावीत होते. खरं सांगू? मला कसंतरीच व्हायचं. मैत्रिणी गमतीने म्हणायच्या, "ए शीतल, तुझ्या बाबांना सांग ना, घंटा जरा लवकर द्या!" त्यांच्या मनात काही नसायचं, पण माझे कान तापायचे.

मग मी आठवीत असताना कुठल्याशा ट्रस्टने शाळेला दहा कॉम्प्युटर दिले. 'संगणक ओळख' असा विषय सुरू झाला, आठवड्यातून दोन तास. माउस कसा धरायचा, चित्र कसं काढायचं, नाव टाइप करून फाइल सेव्ह कशी करायची, बस, एवढंच. शिकवायला कर्णिक बाई, आणि खोलीची चावी तुमच्याकडे.

तुम्ही त्या खोलीचं पार मिलचं खातं करून टाकलंत हो! रोज सकाळी दहाही मशीनवर कोरडा फडका. आईच्या मागे लागून जुन्या पडद्यांची कव्हरं शिवून घेतलीत. चपला उंबऱ्याबाहेर, एका ओळीत. एकदा मुख्याध्यापक बूट घालून आत शिरायला लागले तर त्यांनाही तुम्ही म्हणालात, "सर, मशीन आसा आत." आणि ते बिचारे मुकाट्याने बूट काढायला बसले.

मिलमध्ये तुम्ही पंचवीस वर्षं साच्यावर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर काढली होती. दसऱ्याच्या आधी अख्खं खातं धुऊनपुसून लख्ख करायचं, मगच झेंडू आणि हळदकुंकू, हे तुमच्या अंगात मुरलेलं. त्या वर्षी पूजेच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही बादलीभर साबणाचं पाणी घेऊन कॉम्प्युटर रूममध्ये शिरलात. नशीब, मशीनवर ओतलं नाहीत! पण कीबोर्डवरची बटणं मळलेली दिसली, मग काय? एकेक बटण स्क्रूड्रायव्हरने उपटलंत, धुतलंत, गच्चीवर पेपर पसरून वाळवलंत आणि परत लावलंत. दहा कीबोर्ड, एकेकावर सव्वीस अक्षरं.

लावलीत कशी? ए, बी, सी, डी, ई, एफ. ओळीने!

तुमचं शिक्षण चौथी. इंग्रजीची ओळख म्हणजे आपल्या घरात भिंतीवर मी लहान असताना चिकटवलेला एबीसीडीचा तक्ता. त्यात जशी अक्षरं, तशी तुम्ही लावलीत. त्या संध्याकाळी घरी येऊन ऐटीत म्हणालातसुद्धा, "बाय, तुमची मशीनं चकाचक केली. आणि पोरांनी बटणांची पार खिचडी करून ठेवली होती गो, ती पण नीट लावून टाकली. आकडे तेवढे बरे होते." मी टीव्ही बघत होते. "हं" म्हटलं. तेव्हाच मान वळवून "कसली खिचडी?" एवढं विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. हे मी किती वेळा मनात घोळवलंय, काही हिशेब नाही.

दसऱ्यानंतर शाळा उघडली आणि त्याच दिवशी आमची प्रॅक्टिकल परीक्षा. ट्रस्टचे एक साहेब बघायला आलेले. पूजेला हळदकुंकू पडू नये म्हणून तुम्ही कीबोर्डवर पेपर टाकले होते, त्यामुळे तोवर कोणाला काही दिसलं नव्हतं. आम्ही बसलो, कव्हरं काढली, आणि पोरं आनंदाने ओरडायला लागली. "बाई, एबीसीडी लायनीत लागली! आता सोप्पं!" मलाही आधी बरंच वाटलं. मग मी एकेक बटण शोधून माझं नाव टाइप केलं आणि वर बघितलं. शीतल म्हणून जे आलं ते होतं एल आय टी टी झेड क्यू एस.

सगळ्यांचं तसंच. प्रशांतचं नाव तर वाचताच येईना. नुसता राडा झाला वर्गात. साहेब उठून प्रत्येक कीबोर्ड बघत फिरले.

"हा काय प्रकार आहे?"

"साफसफाईत झालं असेल सर," बाई म्हणाल्या.

"कोणी केली साफसफाई?"

"शिपायांनी."

"अहो, असल्या अडाणी माणसाच्या ताब्यात तुम्ही ही खोली देता?"

तेवढ्यात मागून तो प्रशांत, मोठ्या हौसेने: "सर, ते शीतलचे बाबा आहेत!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "हो का गं? तुझे वडील?"

आणि मी म्हणाले, "नाही सर. आडनाव एकच आहे फक्त."

खरंच, सावंत आमच्या शाळेत पंधरा तरी असतील. साहेबांना पटलं. कर्णिक बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि टेबलावरचा हजेरीचा कागद, ज्यावर तुमच्या नावासकट माझं पूर्ण नाव होतं, तो हळूच पालथा घातला. मी मान वळवली तर दारात तुम्ही! हातात चहाचा ट्रे. चपला बाहेर काढून अनवाणी आलेले, म्हणून पाऊल वाजलंच नव्हतं. तुम्ही ट्रे स्टुलावर ठेवलात, "चहा घ्या सर" म्हणालात आणि गेलात.

बाबा, तुम्ही ऐकलं होतं की नाही? एकोणीस वर्षं मला हा एकच प्रश्न होता.

त्या संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखे जेवलात. "झाली काय गो परीक्षा?" विचारलंत. मी "झाली" म्हटलं. तुमचा चेहरा मी असा निरखत होते, जसा काही त्यावर निकाल लागणार आहे. काही कळेना. दिवाळीच्या सुट्टीनंतर बटणं जागच्या जागी आली होती, परीक्षा परत झाली, मी पास झाले, साहेब परत आले नाहीत. विषय संपला. माझ्यापुरता तो संपलाच नाही.

मग मी पुरावे गोळा करायला लागले. त्यानंतर पालकसभेला कायम आईच आली, तुम्ही कधी माझ्या वर्गात पालक म्हणून बसला नाहीत. म्हणजे ऐकलं होतं. दहावीच्या निकालाला तुम्ही अख्ख्या चाळीत पेढे वाटलेत. म्हणजे नव्हतं ऐकलं. मी डिप्लोमा केला, शिकवायला लागले, आणि फिरून याच शाळेत कॉम्प्युटरची बाई म्हणून आले, त्या दिवशी तुम्ही नुसतं म्हणालात, "चपला बाहेर काढतात ना अजून?" आता याचा अर्थ मी काय लावायचा?

विचारायचं होतं हो. कितीदा ओठांवर आलं! पण विचारलं की कबूल करणं आलं. तुम्हाला माहीत नसेल तर मीच सांगितल्यासारखं. आणि मग तुम्ही आजारीच पडलात.

दुसरी गोष्ट तुमच्या बोटांची. रिटायर झाल्यावर तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून बसायचात आणि बोटं मांडीवर चाललेली असायची. करंगळीपासून सुरुवात, मग एकेक बोट, आणि शेवटी तर्जनी, टक टक टक, तीनदा. आधी डावा हात, मग उजवा. मला वाटलं कंपवात. ओढत डॉक्टरकडे नेलं तुम्हाला. तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "सवय आसा, जुनी." डॉक्टर हसले, म्हणाले कंप वगैरे काही नाही. मी म्हटलं, मिलची सवय असेल, तुटलेला धागा जोडायची. तरी बघितलं की ओरडायचेच, "बाबा, हात स्थिर ठेवा बघू! लोकांना वाटेल काय झालंय!"

हॉस्पिटलमध्येसुद्धा चादरीवर बोटं चालली होती तुमची. मला वाटलं, आता खरंच थरथरताहेत. मी हात धरून ठेवायचे. थांबवायचे. आता त्याचं फार वाईट वाटतं, पण ते ऐका पुढे.

यंदा खोलीला रंग काढला. ट्रस्टने नवे कॉम्प्युटर दिले आणि दारावर लावायला मोठा रंगीत फ्लेक्स पाठवला. त्या निमित्ताने मी दारावरची जुनी पाटी काढली. तुम्हाला माहीत आहे ती, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला कागद, पिवळा पडलेला:

चपला बाहेर काढाव्यात.
हात पुसून आत यावे.
मशीनला घाबरू नये.
बटणांची जागा बदलू नये.

निमित्त फ्लेक्सचं, पण खरं कारण ती चौथी ओळ होती. बटणांची जागा कोण बदलतं हो? कोणी नाही! अख्ख्या शाळेच्या इतिहासात एकाच माणसाने बदलली. मला वाटायचं, कर्णिक बाईंनी तुम्हाला टोमणा मारून ठेवलाय, आणि तुम्ही रिटायर होईपर्यंत रोज ते दार उघडत होतात, रोज ती ओळ वाचत होतात. सहा वर्षं मीही रोज वाचली, आणि रोज टोचली. काढली आणि टाकली रद्दीत.

आज बाई आल्या. दारात चपला काढल्या, वर बघितलं आणि थांबल्या.

"शीतल, पाटी कुठेय?"

"फ्लेक्स आलाय ना बाई नवीन."

"फ्लेक्स राहू दे. पाटी कुठेय?"

"रद्दीत टाकली," मी जरा घुश्शातच म्हटलं. "शेवटची ओळ मला कधी आवडली नाही, बाई. बाबांकडून एकदा चूक झाली, ती अशी दारावर लावून ठेवायची?"

बाई पदर खोचून सरळ रद्दीच्या गठ्ठ्यापाशी खाली बसल्या, या वयात! पाटी शोधून काढली, फुंकर मारून पुसली आणि म्हणाल्या, "अगं वेडे, ही त्यांनीच टाइप केलीय."

मी हसले. म्हटलं, बाई आता वयाने विसरायला लागल्या.

"विसरतेय कसली? परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. म्हणाले, बाई, पोरीने सगळ्यांसमोर सांगितलं की मी तिचा बाप नाही."

बाबा, माझ्या हातातलं पूजेचं ताट मी खाली ठेवलं. म्हणजे ऐकलं होतं तुम्ही.

"मी विचारलं, वाईट वाटलं का सावंत?" बाई पुढे सांगत होत्या. "तर म्हणाले, वाटला तर. घटकाभर वाटला. मग ते दहा कीबोर्ड बघितले आणि माझं मलाच हसू आलं. दोनशे साठ बटणं चुकीची लावणाऱ्याला बाप म्हणून सांगायची मला पण लाज वाटली असती, बाई. आता माका ती नीट लावूक शिकवा."

घटकाभर! तुम्हाला घटकाभर वाईट वाटलं, आणि मी एकोणीस वर्षं कुढत बसले!

मी तिथेच बसले, जमिनीवर, पोरांसमोर. रडले की हसले, मलाच सांगता येणार नाही. बाई सांगत गेल्या. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही रोज एक कीबोर्ड घेऊन बसलात, बाईंनी दिलेला कागद समोर ठेवून. दहा दिवसांत दहा झाले. मग म्हणालात, आता बटणं कुठे ते कळलं, तर ती दाबायची कशी तेही सांगा. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास, चार महिने. आईला सांगायचात, मशीन पुसायला थांबतो! बाई टायपिंगच्या क्लासला जसं शिकल्या होत्या तसंच त्यांनी तुम्हाला शिकवलं. ए एस डी एफ जी एफ. सेमीकोलन एल के जे एच जे.

"हे असं," म्हणत बाईंनी टेबलावर बोटं चालवली. करंगळी, अनामिका, मधलं बोट, आणि मग तर्जनी तीनदा. टक टक टक.

बाबा! गॅलरीत तुम्ही टाइप करत होतात! आणि मी तुम्हाला कंपवाताच्या डॉक्टरकडे नेलं! तुम्ही त्या डॉक्टरसमोर मनातल्या मनात किती हसला असाल. आणि हॉस्पिटलमध्ये काय टाइप करत होतात हो? मी हात धरायला नको होता. पण एक आहे, तुमचे हात थरथरत नव्हते. मी दोन वर्षं तुम्हाला डोळ्यांसमोर थरथरतानाच बघत होते, आता नाही बघणार.

चार महिन्यांनंतर बाई म्हणाल्या, सावंत, आता काहीतरी मराठीत टाइप करा. कुठलं अक्षर कुठे ते कागदावर लिहून दिलं. तुम्ही तीन दिवस लावून ती पाटी केलीत. चौथी ओळ टाइप करून स्वतःच खो खो हसलात म्हणे. तो टोमणा नव्हता, तुमची स्वतःची गंमत होती. आणि मी ती रद्दीत टाकली.

पालकसभेचंही बाईंना विचारलं. त्या मला ओरडल्याच. "अगं, पालकसभेला खुर्च्या कोण लावणार? चहा कोण देणार? ते ड्युटीवर असायचे!" झालं! माझा एवढा मोठा पुरावा, तोही निकालात निघाला.

आता माझा राग ऐका. मला का नाही सांगितलंत? बाई म्हणाल्या, त्यांनी तुम्हाला दोनचारदा म्हटलं होतं, शीतलला सांगा. तुम्ही म्हणालात, "नको. शिकलो म्हणून सांगितलं तर मी ऐकलं होतं ते तिला कळेल. उगाच मनाला लावून घेईल." आणि बाईंकडून शब्द घेतलात. त्यांनी तुम्ही गेल्यावरही तो पाळला. आज पाटी रद्दीत बघितली आणि त्यांना राहवलं नाही.

अहो, पण मी लावूनच घेतलं होतं ना मनाला! दहा बाय बाराच्या खोलीत आपण दोघं समोरासमोर जेवत होतो. तुम्ही मला कळू देत नव्हतात, मी तुम्हाला. काय म्हणायचं या शहाणपणाला? आईला आत्ता फोन करून सांगितलं तर ती म्हणते, "तरीच! मी म्हणायचे, दहा मशीन पुसायला ह्यांना एवढा वेळ कसा लागतो?"

माफी मागायची होती, ती इथे मागते. त्या दिवशी मी जे बोलले ते घाणेरडं होतं, बाबा. मी तेरा वर्षांची होते हे खरं, पण मला कळत होतं मी काय बोलतेय. तुम्ही ते हसण्यावारी नेलंत, हा तुमचा मोठेपणा. माझं चुकलं ते चुकलंच.

पूजा मग झाली. झेंडूचा हार नव्या कॉम्प्युटरना कमी आणि तुमच्या पाटीला जास्त लागला. कीबोर्डवर हळदकुंकू पडू नये म्हणून मी वरून पेपर टाकला होता, तुमच्यासारखाच. पाटी परत दारावर लावली. फ्लेक्स जिन्यात लावलाय, तिथे शोभतो.

पाटी लावत होते तेव्हा पाचवीतली एक चुणचुणीत पोरगी आली, म्हणाली, "बाई, ही कोणी लिहिलीय?"

सगळा वर्ग बघत होता. तेव्हासारखाच.

मी म्हटलं, "माझ्या बाबांनी. या शाळेत शिपाई होते ते. सावंत."

ती गोंधळली. "पण बाई, तुम्ही तर राणे ना?"

"हो," मी म्हटलं. "आडनाव वेगळं आहे फक्त."

बाबा, एक वचन देते. दर वर्षी 'संगणक ओळख'च्या पहिल्या तासाला मी एक जुना कीबोर्ड एबीसीडीच्या ओळीने लावून पोरांपुढे ठेवीन. त्यांना त्यावर आपापलं नाव टाइप करू देईन, पोट धरून हसू देईन. आणि मग सांगेन की हा असा कोणी लावला होता, पुढे त्यांनी काय केलं, आणि ते माझे कोण होते. मशीनला घाबरू नये, हेही सांगेन. तुमच्याच शब्दांत.

निघते आता. वॉचमनकाका तिसऱ्यांदा आलेत. दार लावून चावी जागेवर ठेवते.

शाळेच्या कागदांवर काहीही असो, ही सही तुमच्यासाठी, बघा, बटणांकडे न बघता टाइप केलीय.

तुमची,
शीतल श्रीधर सावंत